जाळी आत वळवावी

चैत्रातल्या एका मंगळवारी माझी पत्नी टेबलाशी बसली असताना कोसळली. मी शेजाऱ्यांना हाक मारली. आम्ही तिला रिक्षातून रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितलं. मी परत आलो तेव्हा टेबलावर तिचा कागद होता.

त्या कागदावर लांडग्यांचं कुंपण होतं. सोलापूरपासून तासाभराच्या अंतरावर, माळावर, एक सफारी उद्यान उभं राहत होतं आणि आम्ही दोघं त्याचं काम करत होतो. प्राण्यांच्या जागा ती आखायची, पाहुण्यांच्या मुक्कामाच्या खोल्या मी. टेबल एकच, बसायचं समोरासमोर.

"तुझ्या लोकांना पंखा दिला की झोपतात," ती म्हणायची. "माझ्या प्राण्यांना आडोसा लागतो, आणि तो आपला आपण शोधला असं वाटावं लागतं."

"पण तुझे पाहुणे तक्रारवहीत तरी लिहीत नाहीत."

"लिहितात. वाचता यावं लागतं."

खोल्या आठ होत्या, कुंपणाला लागून एका ओळीत. पाहुण्यांना ओट्यावर बसून लांडगे दिसावेत अशी उद्यानाची इच्छा होती. म्हणजे आधी ओटा, पुढे चार पावलं मोकळी जागा, मग जाळी, आणि जाळीपलीकडे ते. तिथे तिचं आणि माझं काम एकमेकांना भिडत होतं. तेवढाच भाग अर्धा राहिला होता. तेरावा झाल्यावर मी तो पुरा केला. तिचे आकडे, तिच्या सूचना माझ्या नकाशाच्या शीटवर उतरवून घेतल्या. एक अक्षर बदललं नाही. एवढं तरी तिचं तसंच राहावं, असं मला वाटलं.

बांधकाम झालं. माघात लांडगे आले, पाच. फाल्गुनातल्या एका सकाळी खिडक्या नीट बसल्या की नाही हे पाहायला मी गेलो. त्या रविवारी पहिले पाहुणे यायचे होते. लांडगे मागच्या पिंजऱ्यात बंद होते आणि त्यांची देखभाल करणारे मामा तीन नंबरच्या खोलीसमोर, जाळीपलीकडे, उकिडवे बसले होते. मामांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं; जागा आखताना तीही त्यांनाच विचारायची. लांडगा त्यांना आमच्या दोघांपेक्षा जास्त ठाऊक होता.

"या सायेब. ह्ये बगा की जरा."

जाळीच्या बुडाशी खड्डा होता. माती ओली, ताजी.

"कुत्र्यानं उकरलंय का?"

"कुत्रं तुमच्या बाजूनं उकरंल. ह्ये हिकडनं हाय." त्यांनी खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला. "म्याडम तर म्हनल्या व्हत्या, वीतभर खाली गेला की पंज्याला तार लागंल. मला तर कुटंच लागंना."

लांडगा कुंपण चढायच्या भानगडीत सहसा पडत नाही, तो खालून वाट काढतो. म्हणून जाळी जमिनीत उतरवून तिचं टोक त्याच्या बाजूला आडवं वळवायचं असतं. तो उकरायला लागला की पंजे तारेला अडतात आणि तो नाद सोडतो. टोक उलट वळलं, तर त्याच्या पायाखाली नुसता मुरूम.

मी गाडीत जाऊन शीट उघडली. "जाळी तळाशी दोन फूट आत वळवावी." वाक्य तिचं होतं. तिच्या कागदावर आत म्हणजे लांडग्यांकडे. पण हे वाक्य मी माझ्या शीटवर लिहिलं होतं, आणि माझ्या शीटवर खोलीच्या बाजूला 'आत' आणि जाळीपलीकडे 'बाहेर' असं ठळक अक्षरांत होतं. मी आयुष्यभर तसंच लिहीत आलो. गवंड्यानं शीट बरोबर वाचली होती.

बाहेर ऊन तापलेलं, आणि मी गाडीच्या काचा वर करून बसलो. तीन नंबरला एक जोडपं आणि त्यांची लहान मुलगी येणार होती. ओटा उंच होता, तिचे पाय जमिनीला टेकणार नव्हते. ते लोंबणारे पाय मला दिसू लागले आणि काही केल्या जाईनात.

एवढा एक खड्डा बुजवून वर दगड टाकावेत, असं मनात आलं. ते लपवणार नाही.

उद्यानाच्या व्यवस्थापकांना मी शीट दाखवून सगळं सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडमच्या हातून राहिलं असेल. त्यांना आता कोण काय बोलणार? तसंच लिहून टाकू."

त्यांनी ते भल्यासाठीच म्हटलं असावं. मला खड्ड्यापेक्षा त्या वाक्याची जास्त भीती वाटली, कारण क्षणभर मला हायसं वाटलं होतं.

"तिचं बरोबर होतं," मी म्हणालो. "चूक माझी आहे. सगळ्या खोल्यांपुढे उकरावं लागेल."

रविवार पुढे गेला. पाहुण्यांना फोन करून नाही म्हणायचं काम व्यवस्थापकांनी माझ्यावरच टाकलं. मग दिवसाला एक खोली या बेतानं खोदकाम चाललं. पहिल्या खोलीपुढे तारेचं टोक ओट्याकडे वळलेलं निघालं, दुसरीपुढेही. तिसऱ्या दिवसानंतर मी आशा सोडली. मामा प्रत्येक चरात उतरायचे, मी काठावर उभा.

"सायेब, तुमचं आत हिकडं, माजं आत तिकडं," ते खालून म्हणाले. "लांडग्याला इचारलं असतं तर त्यानं बराबर सांगितलं असतं."

नवी जाळी मातीखाली जाण्याआधी मी चरात उतरून ती हातानं चाचपायचो. पुन्हा पुन्हा. सात खोल्यांपुढे असं केलं. आठवीच्या दिवशी तिचं वर्षश्राद्ध होतं. मी सोलापुरात, घरी होतो. दुपारी मामांचा फोन आला.

"झालं सायेब. आत वळवली. माज्या आत."

"पाहिलीत ना तुम्ही?"

"व्हय की. काळजी सोडा आता."

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा चर बुजवून वर पाणी मारलं होतं.

आता खोल्यांत माणसं राहतात. सात खोल्यांपुढची जाळी मी पाहिली आहे. आठवीपुढची पाहिलेली नाही.