कोरड्या शेवया

ईदच्या सकाळी भाभी आमच्याकडे जे ताट घेऊन यायच्या, त्यात शिजवलेलं काहीही नसायचं. बारीक शेवया, साखर, खारीक, खोबरं, मूठभर चारोळी आणि दुधाची न फोडलेली पिशवी. महागावात त्यांची आणि आमची घरं एका भिंतीची. भिंतीपलीकडे पातेलंभर शिरखुर्मा उकळत असायचा, आणि आमच्या दारात त्याचं सामान यायचं. हिंदू शेजाऱ्यांकडे असंच पाठवायची रीत. ज्यांनी त्यांनी आपल्या भांड्यात, आपल्या हातानं करून खावं. मी ताट दारातच रिकामं करून परत द्यायचे. अकरा वर्षं.

मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी शाळेत लिपिक, कामं उरकणारी बाई. कपाटाच्या दाराला आतून याद्या चिकटवलेल्या. दिवाळीच्या फराळाच्या यादीत दोन रकाने होते, 'डब्यात' आणि 'खोक्यात'. रिकामं भांडं कोणी परत करत नाही, म्हणून डबा अशांनाच द्यायचा, ज्यांच्याकडून त्यात भरून आलेलं आपण खाऊ. भाभी खोक्याच्या रकान्यात. मिठाईचं पुठ्ठ्याचं खोकं, म्हणजे परत करायची त्यांना कटकट नको, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

शाकाहाराची सबबही नव्हती. मी फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्यावरची, आमच्या घरी मटण शिजतं. लहानपणी गावातल्या मैत्रिणीकडे पाणी मागितलं की तिची आई तांब्या उंच धरून माझ्या ओंजळीत ओतायची. पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. ते मी विसरले नव्हते. तरी तो दुसरा रकाना आखताना माझी पट्टी जरासुद्धा हलली नाही.

रविवारी मी कपडे वाळत घालायला मागे गेले की भिंतीपलीकडून वास यायचा.

"काय शिजवून राह्यल्या, भाभी?"

"दालचा. तुमच्याकडे?"

"वांगं."

"मंग वांग्याले माझा सलाम सांगजा."

दालचा म्हणजे मटण आणि दुधी घातलेलं आंबट वरण. चिंचेचा, तळलेल्या कांद्याचा तो वास घेत मी चादर उगाच दोनदा झटकायचे आणि आत येऊन वांगं-भाकरी खायचे.

मग शाळेच्या पायरीवरून पडून माझा पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर. मुलगी अमरावतीला शिकायला. नवऱ्याला चहापलीकडे काही येत नाही, आणि त्यांचं ऑफिस सकाळचं. दुसऱ्याच दिवशी भाभी आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. नुकतीच आंघोळ केलेली, डोक्यावर पदर.

"ताई, आत येऊ का? तुमच्याच भांड्यात करतो. माह्या घरून कांदासुद्धा आणला नाही."

त्यांनी माझं मीठ, माझी डाळ, माझं पाणी वापरून वरण-भात केला. डबे शोधावे लागले नाहीत, सगळ्यांवर चिठ्ठ्या होत्या.

"तुमचं घर म्हणजे मेडिकल दुकान आहे, ताई. सगळ्याइले लेबल. फक्त साहेबाच्या कपाळावर लावाचं राह्यलं."

त्या रोज आल्या. मी रोज जेवले. त्यांच्या हातचं असलं तरी ते माझ्या घरचं जेवण होतं. कमी तिखट, आमच्या चवीचं. त्यांनी स्वतःची चव त्यात येऊ दिली नाही.

दुसऱ्या आठवड्यात तांड्यावरून माझ्या आईचा, याडीचा, फोन आला. भाभी आत पोळ्या लाटत होत्या. कोण करतं स्वयंपाक, असं याडीनं विचारलं. मी आमच्या गोरबोलीत सांगितलं की शेजारची मुसलमान बाई करते, पण काळजी करू नको, आपल्याच भांड्यात करते, तिच्या घरचं काही आणत नाही. गोरबोलीत बोलत होते, म्हणून आवाजही खाली आणला नव्हता. लाटण्याचा आवाज थांबला. पोळी तव्यावर टाकायला थांबला असेल, असं मी समजले. मग पुन्हा सुरू झाला.

महिन्याभरानं याडी मला बघायला आली. भाभींनी तिच्यासमोर चहा ठेवला, आणि प्रवास कसा झाला, शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कशी आहे, हे विचारलं. स्वच्छ गोरबोलीत. माझ्यापेक्षा चांगल्या. माझी गोरबोली आता अर्धी मराठी झाली आहे.

याडी हरखली. "तुला कशी येते?"

त्यांच्या माहेरचं किराणा दुकान तांड्याच्या वाटेवर होतं. चालायला लागल्यापासून त्या तांड्यातल्या बायांमध्येच वाढलेल्या. हे सगळं त्या याडीला हसत सांगत होत्या. मी पलंगावर होते, पाय उशीवर. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मला चहा देताना फक्त म्हणाल्या, "साखर घातली, ताई. तुमच्याच डब्यातली."

मी माफी मागितली नाही. शब्द जुळवले होते, पण ते बोलायचे तर आधी 'तुम्ही ऐकलं' हे म्हणावं लागणार होतं. पुढच्या ईदला ताट आलं, तेच सामान, तशीच न फोडलेली दुधाची पिशवी. तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. त्यांच्या चुलीवरचं, त्यांच्या चवीचं, त्यांच्या घरात बसून खायचं. कामाच्या यादीत 'गॅस नंबर' आणि 'पायाचा एक्स-रे' यांच्यामध्ये मी लिहिलं, 'भाभींकडे जेवण, विचारणे'. एक्स-रे झाला. गॅस आला. ती ओळ मी तीनदा नव्या यादीत उतरवली.

मग त्यांच्या मुलाला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत काम लागलं आणि त्यांनी घर हलवायचं ठरवलं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी गेले आणि एका दमात म्हटलं, "भाभी, आज मी तुमच्याकडे जेवणार."

त्या पातेली गोणपाटात बांधत होत्या. हात थांबले. "आज? शेगडी तर टेम्पोत गेली ना जी, ताई." मग हसल्या. "लोहाऱ्याले या. दालचा खाऊ घालतो."

यवतमाळला वर्षाकाठी माझ्या दोन-तीन खेपा होतात. ऑफिसचं काम, मुलीला अमरावतीच्या गाडीत बसवणं, दवाखाना. दर वेळी परतीची बस गाठायची असायची. लोहारा तिथून जवळच. फोनवर त्या म्हणायच्या, "कधी येता?" मी म्हणायचे, "पुढच्या खेपेला, नक्की."

गेल्या वर्षी फोन त्यांच्या सुनेनं उचलला. अम्मीला लकवा झाला, उजवा हात गेला, म्हणाली. त्या रविवारी मी दुसरं कुठलंच काम न ठेवता गेले.

भाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या. बोलणं थोडं जड, पण जीभ तीच. "आल्या का? वांग्याले घरीच ठेवून आल्या ना?"

सुनेनं सतरंजीवर कापड अंथरलं. दालचा आणि बघाराचा, म्हणजे खड्या मसाल्याच्या फोडणीचा, भात. मी पहिला घास खाल्ला. भाभी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"कसा झाला?"

"चांगला झाला."

"चिंच कमी आहे. मी पाच वेळा सांगतलं इले."

"अम्मी, तुमी सांगतल्या तेवढीच घातली," सून म्हणाली.

"सांगून थोडीच येते? हाताले समजते ते." त्यांनी मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि त्यावर पदर ओढला.

सून पाणी आणायला आत गेली. तेव्हा मी म्हटलं, "भाभी, त्या दिवशी फोनवर मी याडीला जे बोलले..."

"ऐकलं होतं."

"तरी तुम्ही रोज आल्या."

"तुमचा पाय मोडला होता ना जी. उपाशी ठेवतो काय?"

"मग मला कधी म्हटलं काहून नाही? भिंतीवरून एकदा वाटी पुढे करायची."

"अन् तुमी नाही म्हटलं असतं तर? दुसऱ्या दिवशी भिंतीवरून बोललो असतो का आपण? म्हणून शेवया कोरड्याच आणत होती मी."

सुनेच्या हातचं जेवण उत्तम होतं, आणि मला हवं होतं ते भिंतीपलीकडचं, अकरा वर्षं रविवारी वास येणारं. ते आता कोणीच शिजवू शकत नव्हतं.

माझा भात संपला तशी सून वाढायला वाकली. भाभींनी तिला अडवलं. "थांब. मी वाढतो." त्यांनी डाव्या हातात पळी धरली. दालचा पातेल्यापासून ताटापर्यंत कापडावर सांडत आला. सून पुढे झाली, तिला मी मानेनंच नको म्हटलं.

मी ताट उचलून पातेल्याच्या काठाला लावलं आणि धरून राहिले.

"आणखी?" भाभींनी विचारलं.

"आणखी."