अण्णांच्या घराचा फाकलेला कोपरा

“म्याडम, तुमचा तीन-चार-पाच खोटा निघाला बगा. बापू भिंत पाडाय निघालाय!”

पाडायला भिंत होतीच कुठे? जमिनीवर नुसती चुन्याची फक्की होती. पण फोनवर अण्णांचा आवाज ऐकला आणि पिरंगुटच्या ट्रॅफिकमधून गाडी कशीबशी काढत मी भरे गाव गाठलं.

मी सिव्हिल इंजिनिअर. पाया खणण्याआधी जमिनीवर फक्कीने भिंती आखतात, त्याला आम्ही लाइनआउट म्हणतो. अण्णांना ते मुहूर्तावरच हवं होतं आणि मुहूर्त काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. म्हणून ट्रॅफिकमधूनच त्यांना फोनवर सांगितलं होतं, “रस्त्याच्या कडेने सोळा फूट मोजा. त्याच कोपऱ्यातून मागे बारा. दोन टोकांमधलं तिरकं अंतर वीस भरलं की कोपरा काटकोनात. मग त्याच रेषेत दोरी ताणून फक्की शेवटपर्यंत न्या.” तीन-चार-पाचची चौपट. बाराचा वर्ग अधिक सोळाचा वर्ग म्हणजे वीसचा वर्ग, शाळेत घोकलेलंच. चुकायला जागाच नाही, असं मला वाटलं.

पोचले तर फक्कीच्या अलीकडे अण्णा, पलीकडे त्यांचे धाकटे भाऊ बापू. वाटणीवरून या दोघांचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. गेल्या दिवाळीत कुठे जुळलं. बांधापासून फूटभर सोडून अण्णांनी भिंत घालायची, असं हसत ठरलं होतं. आणि इथे फक्की पुढे, रस्त्याकडे, बांधापासून फूटभर लांब, पण मागे चाळीस फुटांवर बांध ओलांडून बापूंच्या अंगणात पाऊण फूट घुसलेली.

“बोलाय लागलो की लगीच घुसला!” बापू कडाडले.

“मी न्हाई घुसलो! म्याडमनी घुसवलं!” अण्णांनी माझ्याकडे बोट केलं.

घ्या! मागे जेसीबीवाला हॉर्न मारत होता. त्याने एकदा बादली टाकली असती तर घर वाकडं आणि भाऊ पुन्हा मुके.

मी तिथलाच टेप उचलला. अण्णांनी टोक धरलं, मी वाचत गेले. बारा. सोळा. वीस. चोख! मग गाडीतला गुण्या, म्हणजे गवंड्याचा लोखंडी काटकोन, कोपऱ्यात ठेवला. चांगली फट! कोपरा फाकलेला. बारा-सोळा-वीस आणि काटकोन नाही? मग माझी डिग्री कॉलेजला परत करायला हवी.

“अण्णा, ते टोक दाखवा बरं.”

टेपचा पहिला फूट तुटून गेलेला. पट्टी सुरूच होत होती एकच्या आकड्यापासून. म्हणजे बारा वाचलं ते खरे अकरा, सोळाचे पंधरा, वीसचे एकोणीस.

“टेप कुणाचा?”

अण्णा बापूंकडे बघायला लागले. बापू जेसीबीकडे.

“माजाच हाय,” बापू पुटपुटले. “मी दर टायमाला एक कमी करतो.”

“मग सांगायचं न्हाई व्हय?” अण्णा ओरडले.

“तू इचारलंस का?”

तेवढ्यात अण्णांचा चेहरा उजळला. “पण म्याडम, तिन्ही बाजूंचा एकेकच फूट गेला ना? समद्यांचं सारखंच नुकसान. मग वाकडं कशापायी व्हईल?”

“बरूबर हाय की,” बापू म्हणाले. सकाळपासून दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही चुकीच्या गोष्टीवर!

मी कपाळाला हात लावला. काडी घेऊन मातीतच गणित मांडलं. अकराचा वर्ग एकशे एकवीस, पंधराचा दोनशे पंचवीस, बेरीज तीनशे सेहेचाळीस. एकोणीसचा वर्ग मात्र तीनशे एकसष्ट. “तिरकी बाजू हवी त्यापेक्षा लांब झाली, म्हणून कोपरा फाकला. तिन्ही बाजू निम्म्या करा, दुप्पट करा, काटकोन हलत नाही. सारखा फूट कापलात की गेला. ही काय जमिनीची वाटणी आहे का?”

माझ्या टेपने पुन्हा मापलं. एक टोक अण्णांकडे, दुसरं बापूंकडे, मध्ये माझी आरडाओरड. नवी फक्की बांधापासून शेवटपर्यंत फूटभर लांब राहिली.

बापू मागच्या टोकाला उभे राहून बराच वेळ बघत होते.

“अण्णा, मागं तुजी मोरी लई बारकी व्हतीया रं. घे की पाऊण फूट माज्याकडनं. नुस्तं इचारायचं हुतंस.”

अण्णांचे डोळे भरून आले. “घिऊ म्हणतोस?”

“कुणी काही घ्यायचं नाही!” मी किंचाळले. “ओ जेसीबी, चालू करा!”

पाया काटकोनात खणला गेला. भावाभावांचं प्रेम उतू जायला लागलं की आधी खोदकाम उरकून घ्यावं, एवढं मी त्या दिवशी शिकले.