गिरणी चालू ठेवून घेतलेली परीक्षा

मानवतच्या दुकानात सहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राबल्यावर धम्मशीलानं स्वतःच्या नावावर पहिलं काम घेतलं : किशनरावांच्या पिठाच्या गिरणीवर सोलार. सगळं बसवून झालं. आता लाइनमन मल्हारचा होकार तेवढा हवा होता, आणि तो काही केल्या मिळेना.

मल्हारचा चुलताही लाइनमनच. लाइट गेलेली असताना कुणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा तारेत आला आणि तो खांबावरून पडला.

"तुमचं सोलार तसं करणार न्हाई कशावरून, ताई?"

"सोलारचं मशीन घडीघडी तारेला बारीक हिसका देऊन बघतं. शेळी दाव्याला देती तसा. पलीकडं खुंटा घट्ट हाय का न्हाई, ते कळतं."

"खुंटा ढिला लागला की शेळी पळती!"

"हे जागीच बसतं. दोन सेकंदांत."

तिनं लगेच मेन स्विच ओढून दाखवला. मशीन बंद. पण मल्हार धनगराच्या घरचा, पारखून घेणारा.

"रिकाम्या गिरणीची कसली परीक्षा? गिरणी खाती तेवढंच सोलारनं पिकवलं, तर खुंटा उपटल्याचं त्याला कळंल?"

सगळ्यात अवघड प्रश्न नेमका हाच होता! धम्मशीलाचे डोळे चमकले. "उद्या बाराला या, भाऊ."

दुसऱ्या दिवशी दळण घेऊन आलेल्या सरजाबाईंची ज्वारी गिरणीत पडली. धम्मशीलाची नजर मीटरवर.

"मावशी, दाण्याची धार बारीक करा... अजून जराशी... बास!"

आकडा शून्यावर आला. खांबाकडून काही येत नव्हतं, खांबाकडं काही जात नव्हतं.

"पाडा!"

डीपीजवळ उभ्या मल्हारनं लांब काठीनं फ्यूज पाडले. गिरणी घरघरतच राहिली. धम्मशीला सेकंद मोजू लागली. एक... आणि पट्टा सैल झाला, आवाज खाली आला, जातं थांबलं.

"बसलं! बसलं की!" ती टाळ्या पिटत अंगणात धावली.

"म्हंजे लाइट गेली की भर उन्हात माजी गिरणी बंदच?" किशनराव कुरकुरले.

"बंदच, काका. खांबावर माणूस असतो."

मल्हारनं तारेला टेस्टर लावला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग अर्थिंगची साखळी टाकून तो सरसर वर चढला आणि वरूनच ओरडला, "पार मेली हाय तार, ताई! द्या कागद, करतो सही!"

"आधी खाली उतर, बाबा," सरजाबाई म्हणाल्या, "माजं अर्धं पीठ आत अडकलंय."