नाल्यापलीकडची मरीमाय

"थांब, पदर घेऊ दे. मंग खरं सांगतो."

हे मामाचं ठरलेलं वाक्य. खांद्यावरचा पंचा डोक्यावर घ्यायचा, कोपरा दातात धरायचा, अन् समोर पाटील असला तरी सुनवायचं! दंडारीच्या नाच-नाटकात तो बाईचं सोंग करायचा. दंडारी तुम्हीही पाहिल्या असतील, पण ह्याचं सोंग पाहून बायाच लाजायच्या हो. बायको म्हणायची, "माह्यापेक्षा यालेच लुगडं शोभते, मेल्याले!"

मेडशीकडे माझी पहिलीच नोकरी, विहिरीत लाल औषध टाकायची. त्या साली पटकी आली. त्याच्या गावात रोज तिरडी उठायची, अन् लोक मला विहिरीजवळ फिरकू देईनात. एका म्हातारीनं तर माझी बाटलीच फोडली. "मरीमाय कोपली हाय, अन् तू तिचं पाणी बाटवतं?"

मी रडकुंडीला आलो. तो म्हणाला, "भाऊ, तुह्यं कोणी आयकत नाई. आज दंडार लावतो."

"मामा, माणसं मरून राह्यली अन् दंडार?"

"मंग काय, सगळे मेल्यावर नाचू?"

दिवेलागणीला तो पारावर आला, पटकी होऊन! हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, मोकळे केस. एकेकाकडे बोट दाखवून बोलायला लागला, "तुह्या घरी मी रांजणातून आली. तुह्या लेकराच्या पेल्यातून आली. विहीर लाल झाली तं मी येऊ कुठून रे?"

लोक हसतील, मग ऐकतील, असं आम्हाला वाटलं होतं. कोणी हसलंच नाही. तीच म्हातारी उठली अन् त्याच्या पायावर पडली. "माय आली! माय बोलली!" मग सगळेच पडले. लिंबं, नारळ, खण.

तो घाबरला. 'अरे, मी हाय' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तोच मी कानात बोललो, "मामा, गप राहा. औषध पडू दे."

तो गप राहिला.

सकाळी पाटलानं स्वतः औषध ओतलं. पण मरीमायला गावात ठेवत नाहीत, हे मी विसरलोच! तिला गाड्यात बसवून शिवेपार सोडतात. परत आली की रोग परत येतो. दरवेळी गाड्यात लाकडी मूर्ती असायची. त्या दिवशी तो होता. बायको मागं पळत होती, "अवो, माहा नवरा हाय तो!" बायांनी तिला धरून ठेवलं.

नाल्यापलीकडे त्याला उतरवलं. पलीकडच्या गावानं धोंडे मारले, म्हणून तो काठावरच्या शिंदीच्या झाडाखाली राहिला. बायको रोज नाल्यातल्या दगडावर भाकर ठेवून मागं फिरायची.

मी गेलो. "मामा, सांगून टाकतो सगळ्यांना."

"कोणी मेलं काय?"

"चार दिवसांत कोणीच नाही."

"औषध अजून किती दिवस लागते?"

"आठ."

"मंग आठ दिवस कायले बोलतं?"

मी खुशीत परत आलो! तो पाणी कुठलं पितो, हे मी विचारलंच नाही. मी, पाण्याच्या नोकरीतला माणूस! नाल्याच्या वरच्या अंगाला गाव मेलेल्यांचे कपडे धूत होतं.

सहाव्या दिवशी दगडावर कालची भाकर तशीच होती. तो काठाशी पडला होता, लुगडं पार भिजलेलं.

मी गावाकडे बघून ओरडलो, "अरे, माणूस हाय तो! उचला!"

कोणी पाण्यात पाय घातला नाही. मग त्याच्या बायकोनं पाय धरले, मी खांदे धरले. अलीकडच्या काठावर सगळं गाव हात जोडून उभं होतं.