उसवून पाहायची खोड

कपडे सैल-आखूड करून देणाऱ्या त्या बाईंना सगळा रस्ता टाचणीताई म्हणायचा. ओठांत कायम चार टाचण्या. त्या टाचण्यांआडून त्या गिऱ्हाइकाला झापायच्या आणि गिऱ्हाईक बिचारं, कुठे टोचतील या भीतीनं, मुकाट ऐकून घ्यायचं. हात मात्र सोन्याचा. दुसऱ्यानं बिघडवलेला कोट त्या दोन दिवसांत माणसात आणायच्या. खोड एकच, स्वतः घातलेली शिवणसुद्धा एकदा उसवून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

ताईंची आई गेली तेव्हा तिच्या खोलीतलं मॉन्स्टेराचं झाड पुरुषभर उंच होतं, परातीएवढ्या भोकाभोकांच्या पानांचं. ताई आणि धाकटी, दोघी बहिणींनी ते वाटून घ्यायचं ठरवलं. थोरलेपणाचा मान म्हणून ताईंनी आपली कात्री चालवली आणि शेंड्याकडचा सात पानांचा भाग स्वतः उचलला. धाकटीच्या वाट्याला जुनी कुंडी आली, त्यात नुसता बुंधा आणि दोन पानं. धाकटी काही बोलली नाही. ती कधीच काही बोलायची नाही, आणि तरी आईचा सगळा जीव तिच्यात, हे ताईंचं चाळीस वर्षांचं दुखणं होतं.

ताईंनी शेंडा शिलाई मशीनशेजारच्या खिडकीत लावला. खत, पाणी, पानं पुसायला अस्तराचा मऊ तुकडा, कशाचीच कमी नव्हती. पण मुळं धरली की नाही हे कळणार कसं? म्हणून दर रविवारी त्या झाड उपटायच्या, मुळं निरखायच्या आणि पुन्हा माती दाबून बसवायच्या. झाड म्हणजे काय पायजम्याची नाडी आहे, वाटेल तेव्हा ओढून पाहायला? पण टाचणीताईंना सांगणार कोण! वर्षभरात सातांची तीन पानं राहिली.

आणि तिकडे धाकटीच्या बुंध्याला दोन फुटवे आले, ते थेट छताकडे निघाले. ताई तिच्याकडे गेल्या की आधी पानं मोजायच्या, मग बहिणीची खुशाली विचारायच्या. "छान वाढलंय हो," असं तोंडानं म्हणायच्या आणि आतून नुसता जळफळाट. आई मेल्यावरसुद्धा धाकटीकडेच राहायला गेली, असंच त्यांना वाटायचं.

थंडीच्या दिवसांत परगावी नोकरीला असलेला धाकटीचा नवरा आजारी पडला. ती घाईघाईनं दुकानात आली आणि तिनं घराची जादा किल्ली ताईंच्या हातात ठेवली.

"ताई, दोन आठवडे लागतील गं. झाडाकडे बघशील ना?"

"बघीन की. त्यात काय!"

पहिल्याच दिवशी ताई गेल्या. झाडासमोर झारी भरून ठेवलेली होती. त्यांनी ती उचलली, क्षणभर धरली आणि तशीच खाली ठेवली. 'वाळू दे एकदा,' त्या मनाशी म्हणाल्या, आणि कुलूप लावून घरी आल्या. त्यानंतर तिकडे फिरकल्याच नाहीत. रोज मशीनवर बसायच्या आणि सरळ शिवण वाकडी जायची. दोन पँटींचे पाय लहानमोठे झाले. बाराव्या दिवशी मात्र काम अर्धं टाकून त्या धावतच सुटल्या, काही करून झाडाला पाणी घालायचं म्हणून.

दार धाकटीनंच उघडलं. नवऱ्याला लवकर उतार पडला म्हणून ती सकाळीच परतली होती. काही विचारायच्या आत तिनं ताईंचा हात धरून त्यांना झाडापाशी ओढत नेलं. शेंड्याला नवं कोवळं पान उलगडत होतं.

"तू वाचवलंस गं याला! मी पाणी घालून घालून पार वाट लावली होती, ते आत्ता कळलं. खालची पानं पिवळी पडायला लागलेली, मातीला कुबट वास यायचा. तुला सांगितलं नाही, म्हटलं ताई झापेल."

ताईंनी किल्ली झारीशेजारी ठेवली. मग त्या म्हणाल्या, "मी पाणी घातलंच नाही. एक थेंबसुद्धा नाही. मुद्दाम घातलं नाही."

धाकटीनं नजर झाडाकडे वळवली.

"तेच लागत होतं त्याला," ती हळूच म्हणाली. "आई म्हणायचीच, माझ्यामागे हे झाड थोरलीला द्या, तिचा हात माझ्यासारखा आहे. म्हणून तर तू कात्री लावलीस तेव्हा मी काही बोलले नाही."

हे वाक्य ऐकायला ताई चाळीस वर्षं थांबल्या होत्या. आई खरंच तसं म्हणाली होती, की सगळं समजून धाकटीनं ते आत्ताच जुळवलं? विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. ओठांत आज टाचण्याही नव्हत्या.

ताईंनी विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एक शिवण उसवून पाहिली नाही.