भासऱ्यांनी अपडेट दाबलं तो दिवस

आमच्या घरात धाकटी सून भासऱ्यांशी बोलत नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. समोर आले की पदर डोक्यावर, नजर खाली, आणि काही सांगायचंच असलं तर सासूबाईंमार्फत. लग्न होऊन एकोडीहून भंडाऱ्यात आले तेव्हापासून माझं हेच चाललेलं. एका घरात राहून या माणसाला काय म्हणून हाक मारायची हे मला ठाऊक नव्हतं, कारण कधी मारलीच नव्हती.

दुकान पितळी भांड्यांचं. विकायचं काम भासऱ्यांचं, भांड्यांवर नाव कोरायचं माझ्या नवऱ्याचं. लग्नात द्यायचं भांडं आमच्याकडे नावाशिवाय जात नाही, आणि यांचं अक्षर असं की गिऱ्हाईक त्यावरून बोट फिरवत उभं राहायचं. वेबसाइट काढायचं खूळही यांचंच. तेव्हाच भासरे कडाडले होते, "या लगनसराईत त्या डब्ब्यातून गिऱ्हाईक नाही आलं, त तू दुकानाच्या बाहेर. समजलं काय बे?"

लाखनीच्या एका कॉम्प्युटर क्लासवाल्यानं साइट उभी करून दिली. तयार थीम, म्हणजे साइटचा आयता साचा, घेतली, रंग पितळी केला, दुकानाचं नाव यांच्या हातच्या अक्षरात वर लावलं आणि भांड्यावर काय कोरायचं ते लिहायला गिऱ्हाइकासाठी एक ऐसपैस चौकट बसवली. झकास दिसत होतं. पण त्या शहाण्यानं हे सगळे बदल थीमच्या मूळ फाइलीतच लिहिले, आणि जाताना मला म्हणतो, "वहिनी, अपडेट नोका दाबू. कंपनीची नवी फाइल जुनीवर येऊन बसते, आपलं सगळं पुसून जाईन." हे काय सांगणं झालं? गवताचं घर बांधून द्यायचं आणि चूल पेटवू नका म्हणायचं!

कॉम्प्युटर गल्ल्याशेजारी, म्हणजे भासऱ्यांच्या पुढ्यात. मी सासूबाईंना बजावलं, "त्याहीले सांगा, अपडेटची लाल खूण दिसली तरी हात लावू नका." त्या हो म्हणाल्या आणि सांगितलंच नाही. नंतर विचारलं तर म्हणे, "सुनेनं सांगितलं म्हणून त्याचं डोस्कं फिरलं असतं. घरात शांती राहावी म्हणून चूप बसली." शांती! त्या वेळी माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहीत नाही.

भर लगनसराई. भासऱ्यांनी सकाळी ती लाल खूण पाहिली आणि दाबून टाकली. दुपारी गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले, नाव कुठं लिहायचं, दुकान हेच का दुसरं? पितळी रंग गेला होता, नाव गेलं होतं, चौकट कुठं तरी तळाशी दबली होती. भासऱ्यांना वाटलं, यांनीच मुद्दाम बिघडवलं. हे आत येतात न येतात तोच यांच्या कानाखाली बसली.

"मले गिऱ्हाइकासमोर नंगा करून राहिला काय बे?"

"दादा, मी हातही नाही लावला!"

यांनी ढकललं, तर त्यांनी यांचं डोकं धरून मांडणीवर आपटलं. हंडे, घागरी, पराती कोसळल्या. त्या खणखणाटात सासूबाईंची किंकाळीही ऐकू येईना. यांच्या कपाळातून रक्त गळत होतं. तोल सावरायला यांनी गल्ल्यावर उजवा हात टेकवला, आणि भासऱ्यांनी विकायला ठेवलेला पितळी बत्ता उचलून त्याच हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी दारात ऐकला.

बत्ता पुन्हा वर गेला. आता डोक्याच्या दिशेनं.

मी धावले. पदर कुठं पडला, देव जाणे. भासऱ्यांचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं आणि नखं रुतवली. हाक मारायला शब्द नव्हताच. "ओ! ठेवा तो बत्ता खाली! तुम्ही दाबलं ते! तुम्ही! याहीनं नाही!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बत्ता हातातून सुटला. मी तो लाथेनं दूर सारला. आजही माझा तो राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

यांच्या हाताला प्लास्टर चढलं तेव्हा मी त्या क्लासवाल्याला फोनवर सोलून काढलं. जुन्या फाइलीची प्रत त्याच्याकडे होती, ती मागवली. व्हिडिओ बघून बघून मूळ थीमच्या बाजूला तिची चाइल्ड थीम केली: वेगळं फोल्डर, वेगळी फाइल, आणि त्यात फक्त आमचे बदल. कंपनीनं आपली फाइल शंभरदा बदलावी, आमच्या फाइलीला ती शिवत नाही. सगळ्याची एक प्रत बाजूला काढून ठेवली आणि भासऱ्यांना, थेट, सांगितलं, "बसा इथं. आता दाबा अपडेट."

"नोको. मी नाही दाबत."

"दाबा म्हणते ना!"

त्यांनी दाबलं. पितळी रंग हलला नाही, चौकट जागची ढळली नाही, वर यांच्या अक्षरातलं नाव तसंच. भासरे ढसाढसा रडले. मला कीव आली नाही.

त्या साइटवरून गिऱ्हाईक आलं, भरपूर आलं. यांना दुकानाबाहेर काढायची गोष्ट कोणी पुन्हा काढली नाही. प्लास्टर निघाल्यावर हे पहिल्यांदा छिन्नी घेऊन बसले. कुणाच्या तरी लेकीची घागर होती. दोन बोटं वाकेचनात. छिन्नी सटकली आणि पितळेवर वेडावाकडा ओरखडा उठला. यांनी घागर हळूच खाली ठेवली आणि उठून मागच्या खोलीत गेले.

भासरे माझ्याकडे वळले. आता आम्ही बोलतो. "कसं करावं वं आता?"

मी पडद्यावरचं ते अक्षर दाखवलं. "हे मी वाचवलं," मी म्हटलं. मग घागर उचलून, ओरखडा वर करून, त्यांच्या मांडीवर ठेवली. "हे तुम्ही पुसलं. याची प्रत नाही माझ्याजवळ."