सरक वं

"सरक वं!" ती धावत येताना ओरडली. आणि मी सरकले.

कॉलेजच्या मैदानावर लॅक्रोसचा सराव चालू होता. काठीच्या टोकाला जाळी, जाळीत चेंडू. तिनं चेंडू घेऊन गोलकडे यायचं, मी एकटीनं तिला अडवायचं. माझ्या सोडलेल्या जागेतून ती आत गेली, गोल केला आणि मुलींना म्हणाली, "हिले सरकाची सवयच हाय. आमच्या बागेत हिची माय संत्रा तोडते. आमची गाडी दिसली का मायलेकी नालीत उतरतात."

मुली हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

खोटं नव्हतं ते. नरखेडकडे आमचं गाव. बागेकडे जायची पांदण अरुंद. मालकाची गाडी आली की बाकीच्या मजूर बाया कडेला उभ्या राहत. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीच्या बाया नालीत उतरत. आई माझा दंड धरून खाली ओढायची. कोणी सांगायची गरज नसे.

कोच मॅडम सांगत, "काठीकडे पाहू नको, तिच्या कमरेकडे पाहा. काठी फसवते. गुडघे वाकव, पावलं लहान टाक, झेप घेऊ नको. मधला रस्ता बंद कर, तिले कडेले जाऊ दे."

मला सगळं पाठ होतं. पायांना फक्त नाली पाठ होती.

संघनिवडीच्या दिवशी ती पुन्हा माझ्याच अंगावर आली.

"सरक वं!"

बाजूला व्हायला माझा पाय उचललाच गेला. दंडावर आईची बोटं जाणवली. तो पाय मी तिच्या रस्त्यात टेकवला. तिची कंबर डावीकडे वळली, मीही वळले. उजवीकडे वळली, मीही. माझी काठी वर, धक्का नाही. ती कडेकडे जात राहिली आणि रेषेबाहेर गेली.

"काहून आडवी येऊन राहिली?"

"इथून रस्ता नाही."

मी जागेवरूनच म्हणाले.

संघात नाव आलं. आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मालकाच्या पोरीले अडवलं? आपल्याले त्यायच्याच बागेत जा लागते, बाई."

मला पुन्हा लाज वाटली. या वेळी स्वतःची नाही, आईच्या त्या भीतीची.

दिवाळीनंतर तोडणी लागेल. मी आईसोबत जाईन. गाडी येईल, आई माझा दंड धरेल. मी तिचा धरीन. आम्ही कडेला उभ्या राहू. नालीत उतरणार नाही.